पुण्यातून समुद्रपक्षी, तिसरी फेरी: कोची ते मिनिकॉय, १७ तास

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की पुढची फेरी खोल पाण्यातली असेल. ती एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात झाली. कोचीहून लक्षद्वीपची कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय ही बेटं आणि परत कोची, पाच दिवस, प्रवासी जहाजाने. बरोबर भाची होती. गिनती तिच्याकडे, ओळख माझ्याकडे, असं आम्ही पुण्यातच ठरवून घेतलं होतं आणि ते शेवटपर्यंत पाळलं.

आधी आकडे. उजेडात डेकवर उभे राहिलो ते एकूण १७ तास. त्यांतल्या ८ तासांत एकही समुद्रपक्षी नाही. माझी समुद्रपक्ष्यांची यादी ४ वरून ९ वर गेली. नवे पाच: सूटी टर्न (टर्न म्हणजे सुरय), त्याच कुळातला ब्राऊन नॉडी, आणि खुल्या समुद्रावर राहणारे तिघे: फ्लेश-फुटेड शिअरवॉटर, वेज-टेल्ड शिअरवॉटर आणि विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल. जुन्या चारांपैकी ब्रायडल्ड टर्न, ग्रेटर क्रेस्टेड टर्न आणि दुसऱ्यांचा मासा हिसकावणारा पोमरीन जेगर पुन्हा दिसले. एक पक्षी अनिश्चित राहिला, त्याबद्दल खाली.

पुण्यात राहून समुद्रपक्ष्यांची तयारी कशी करायची, असं बरेच जण विचारतात. वेंगुर्ल्याच्या पहिल्या फेरीत मला बोट लागली होती, आणि दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत पक्षी निघून जात होते. तेव्हा लक्षात आलं की झाडावर बसलेला पक्षी बघायची सवय समुद्रावर उपयोगी पडत नाही. तिथे पक्षी बसत नाही, रंग दिसत नाही, वेळ मिळत नाही. दिसते ती फक्त उडण्याची पद्धत. म्हणून जानेवारीपासून दर रविवारी वेताळ टेकडीवर खाणीच्या कडेला उभी राहून मी एकच काम केलं: खाणीवर फिरणाऱ्या पाकोळ्या आणि क्रॅग मार्टिन दुर्बिणीशिवाय वेगळे करणं. पंख किती वेळ ताठ राहतो, वळताना अंग कसं कलतं, घसरण किती लांब, एवढंच बघायचं. आधी अंदाज बोलायचा, मग दुर्बीण लावून तपासायचा. पहिल्या रविवारी निम्मे चुकले. मार्चअखेर दहांतले नऊ बरोबर येऊ लागले.

दुसरा सराव भिगवणला. उजनीच्या पाण्यात होडीत बसून दुर्बीण स्थिर धरता येते का ते बघायचं. काठावरून दिसणारा नदी सुरय सगळ्यांना येतो. हलत्या होडीतून उडता व्हिस्कर्ड टर्न आणि गल-बिल्ड टर्न वेगळे करून बघा. गुडघे सैल ठेवायचे आणि कोपर छातीला टेकवायचं, हे तिथे एका होडीवाल्या दादांनी शिकवलं. त्यांना टर्नची नावं ठाऊक नव्हती, पण होडीत उभं कसं राहायचं हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? १० पटींची दुर्बीण घरी ठेवून ८ पटींची नेली ती याच अनुभवावरून. हलत्या डेकवर १० पटींत नुसतं पाणी नाचतं.

बोट लागण्यावर: निघायच्या आदल्या रात्री पोटभर झोप, सकाळी हलकं खाणं, डॉक्टरांना विचारून घेतलेली गोळी, आणि दिवसभर तोंडात आलेपाक. नजर क्षितिजावर. मोबाइलमध्ये डोकं घातलं की संपलं, म्हणून नोंदी भाचीने कागदावर केल्या. या वेळी एकदाही त्रास झाला नाही.

पूर्णा एक्सप्रेसने कोकणातून एर्नाकुलमला गेलो. लक्षद्वीपसाठी प्रवेश परवाना लागतो, त्याची कागदपत्रं लवकर सुरू करा. जहाजाची तारीख एकदा पुढे गेली, तर हाताशी दोन मोकळे दिवस असू द्या.

पहिला दिवस. दुपारी साडेतीनला बंदर सोडलं. घारी, ब्राह्मणी घारी, मग ग्रेटर क्रेस्टेड टर्न. किनारा दिसेनासा झाल्यावर तासाभराने एक पोमरीन जेगर आला आणि एका टर्नच्या मागे लागला. शेपटीची मधली पिसं चमच्यासारखी पिळलेली, एप्रिलमधल्या प्रौढ पक्ष्याला असतात तशी, स्वच्छ दिसली. टर्नने मासा टाकला, जेगरने तो पाण्याला टेकायच्या आत उचलला. त्यानंतर सूर्यास्तापर्यंत काही नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला डेकवर गेलो. कवरत्तीच्या वायव्येला साधारण २४ किलोमीटरवर पिट्टी नावाचा वाळूचा आणि प्रवाळाचा एक छोटा उंचवटा आहे. झाड नाही, गोडं पाणी नाही, माणूस राहत नाही, आणि म्हणूनच सूटी टर्न आणि नॉडी तिथे हजारोंनी घरटी करतात. पिट्टी आम्ही पाहिलं नाही आणि पाहायचा हट्टही नव्हता. घरट्यांच्या वस्तीत माणूस उतरला की पक्षी एकदम उठतात आणि उघडी अंडी उन्हात भाजतात. तिथून निघालेले पक्षी समुद्रावर भेटले तर पुरे. ते भेटले. पहिल्या तासात ३८, दुसऱ्यात २६ सूटी टर्न, सगळे वायव्येकडून येऊन आग्नेयेला जाणारे, आणि त्यांच्या खाली पाण्यालगत ११ नॉडी.

वेंगुर्ल्याला ब्रायडल्ड टर्न पाहिल्याचा इथे फायदा झाला. ब्रायडल्डची पाठ राखाडी तपकिरी आणि कपाळाची पांढरी पट्टी डोळ्याच्या मागेपर्यंत जाते. सूटीची पाठ काळी कुळकुळीत, पांढरं फक्त कपाळापुरतं. पण खरं सांगायचं तर पट्टी दिसण्याआधीच फरक कळला होता. वाहत्या लाकडावर, थर्माकोलच्या तुकड्यावर हमखास बसलेला दिसतो तो ब्रायडल्ड. सूटी पाण्यावर बसतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याची पिसं पाणी नीट झटकत नाहीत, आणि घरट्यातून उडालेलं पिल्लू पुन्हा जमिनीला पाय लावायच्या आधी काही वर्षं हवेतच काढतं. समोरून जाणाऱ्या त्या ६४ पक्ष्यांपैकी कितींनी गेल्या वर्षभरात कशावर पाय टेकला असेल, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्या टेकडीची आहे. लक्षद्वीप ज्या डोंगररांगेच्या माथ्यावर आहे ती समुद्राखाली दक्षिणेला मालदीव आणि चागोस बेटांपर्यंत जाते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा जिथून वर आला, त्याच पृथ्वीच्या पोटातल्या तप्त जागेवरून आपला भूखंड उत्तरेला सरकत गेला आणि मागे ही रांग उमटत गेली. ती जागा आज रियुनियन बेटाखाली आहे. ज्वालामुखी थंड होऊन खचले, त्यांच्या माथ्यावर प्रवाळ वाढत राहिलं, त्याचीच ही बेटं. वेताळ टेकडीचा काळा दगड आणि कवरत्तीच्या पांढऱ्या वाळूखाली खोल दडलेला दगड एकाच चुलीवरचे आहेत. भाचीला हे डेकवर सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे मावशी, आपण घरापासून फार लांब आलोच नाही."

ॲलन ह्यूम, जे पुढे काँग्रेसच्या स्थापनेमुळे प्रसिद्ध झाले, ते १८७५ साली 'क्लाइड' या सर्वेक्षण जहाजातून याच बेटांवर आले होते. कामाचं निमित्त दीपगृहांच्या जागांचं, पण पक्ष्यांचे नमुनेही त्यांनी गोळा केले. त्या काळी पक्षी मारून हातात घेतल्याशिवाय ओळख पक्की मानत नसत. आज आपण चार अंधूक फोटोंवर भांडतो, हे फार बरं आहे.

तिसऱ्या दिवशी कल्पेनी. मोठं जहाज लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ पाण्यात, शिरत नाही, बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि माणसं लहान बोटींनी जातात. आम्ही मुद्दाम शेवटच्या बोटीसाठी थांबलो. जहाज उभं असलं की पाण्याकडे निवांत बघता येतं. सात वाजून दहा मिनिटांनी, कठड्यापासून जेमतेम २० मीटरवर, फेसाच्या एका पट्ट्यावर काहीतरी काळं हललं. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल. बुलबुलाएवढा पक्षी. पंख वर उचललेले, आणि लांब काड्यांसारखे पाय पाण्यावर टप टप टप आपटत तो जागच्या जागी चालत होता. वाऱ्याकडे तोंड करून पाय पाण्यात नांगरासारखे टेकवायचे, पंखांवर तरंगायचं आणि चोचीने पृष्ठभागावरचं काहीतरी बारीक टिपायचं. कमरेवरचा पांढरा पट्टा बाजूंनी खालीपर्यंत वळलेला. तो वळून उडाला तेव्हा पाय शेपटीच्या मागे बाहेर आलेले दिसले, ही त्याची पक्की खूण. बोटांमधला पडदा पिवळा असतो म्हणतात, तो मला दिसला नाही, म्हणून लिहिला नाही. सगळं मिळून चार मिनिटं. चाळीसएक ग्रॅमचा हा जीव अंटार्क्टिकाच्या आणि भोवतालच्या बेटांच्या कपारींत घरटं करतो आणि तिथला हिवाळा टाळायला आपल्या समुद्रात येतो. भाचीने माझा हात घट्ट धरला होता हे मला तो गेल्यावर कळलं.

कल्पेनी ते मिनिकॉय म्हणजे नाइन डिग्री चॅनल, या मार्गावरचं सगळ्यात मोलाचं पाणी. साधारण २०० किलोमीटर, आणि जहाज ते रात्री पार करतं. त्याला इलाज नाही. प्रवासी जहाज माणसांची ने-आण करण्यासाठी आहे. पण या मार्गाने जाणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं: पाच दिवसांच्या प्रवासात उजेडातलं खोल पाणी फारच थोडं मिळतं, म्हणून पहाटेचा एकही तास झोपेत घालवू नये.

चौथ्या पहाटे ९ शिअरवॉटर. त्यातले ८ फ्लेश-फुटेड: जड अंग, सरळ ताठ पंख, पंखांचे सावकाश चार फटकारे आणि मग पाण्याला चिकटून लांब घसरण. एक जहाजाच्या नाकासमोरून आडवा गेला तेव्हा फिकट गुलाबी चोच आणि तिचं काळं टोक उघड्या डोळ्यांनी दिसलं. नवव्यालाही मी घाईत फ्लेश-फुटेड म्हटलं आणि भाचीने तसंच लिहिलं. संध्याकाळी फोटो मोठा करून पाहिला तर चोच बारीक आणि गडद, शेपूट लांब, पंख मनगटापाशी पुढे वाकलेले. वेज-टेल्ड. नोंद दुरुस्त केली. शिकण्यासारखं हे की त्याची चाल हलकी आहे, हे मला तेव्हाच जाणवलं होतं. मी चालीवर विश्वास ठेवायला हवा होता. आठच्या कळपात नववाही तोच असणार, असं गृहीत धरलं.

जहाजावर मिनिकॉयचे एक खलाशी होते. त्या बेटावरची बरीच माणसं पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर काम करतात. ते हिंदीत म्हणाले, आमच्याकडे टूना शोधायला आधी आकाश बघतात. पक्षी एका जागी घिरट्या घालायला लागले की खाली टूनाने बारीक मासळी वर ढकललेली असते. नॉडी खाली उतरत असतील तर मासळी अगदी वर आहे. मिनिकॉयचे कोळी टूना गळाने, एकेक करून पकडतात, त्यामुळे थवा नेमका कुठे आहे हे कळणं त्यांना गरजेचं. ते बोलत असतानाच त्यांनी हात करून दाखवलेल्या ठिकाणी मला दुर्बिणीतूनही आधी काही दिसलं नाही. मग दिसले, ५ नॉडी.

परतीच्या संध्याकाळी तो अनिश्चित पक्षी. अंतर २०० मीटरच्या आसपास, गडद स्टॉर्म पेट्रेल, कमरेवर पांढरं दिसलं नाही, उडी मारल्यासारखी तिरकी चाल. स्विनहोज स्टॉर्म पेट्रेल असू शकेल. पण सूर्य समोर होता, वेळ आठ सेकंद, फोटोत फक्त एक ठिपका. नोंद 'स्टॉर्म पेट्रेल, अनिश्चित' अशीच राहील. यादी दहावर न्यायचा मोह झाला होता. पण कुणीतरी पुढे दहा वर्षांनी या समुद्रातल्या स्विनहोजच्या नोंदी मोजेल तेव्हा माझा ठिपका त्यात नसावा.

त्याच कारणाने ते ८ रिकामे तासही भरून पाठवले आहेत. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर समुद्रासाठी तासातासाची वेगळी यादी करायची असते. मोबाइल एअरप्लेन मोडवर ठेवला तरी जीपीएस मार्ग टिपत राहतो. पक्षी नसलेला तास म्हणजे वाया गेलेला तास असं आधी मलाही वाटायचं. पण एप्रिलअखेर समुद्र गरम आणि थरांत बांधलेला असतो, खालचं खत वर येत नाही. जूननंतर केरळच्या किनाऱ्याला खालचं थंड पाणी वर येतं, तारली येते, आणि तिच्यामागे शिअरवॉटर. हा फरक आकड्यांत दाखवायचा तर एप्रिलचं शून्य कुणीतरी उन्हात उभं राहून मोजलेलं हवं.

सामानाबद्दल एवढंच: दुर्बिणीच्या काचेवर मिठाचा थर बसतो. तो कोरडा पुसला की काच चरे धरते. आधी गोड्या पाण्याचे थेंब, मग मऊ फडकं.

पुढची फेरी सप्टेंबरात, कोचीहूनच, पण एका दिवसाची आणि भूखंडमंचाच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या, कडेपर्यंत. तोवर फ्लेश-फुटेड आणि वेज-टेल्डच्या चालीचे व्हिडिओ आवाज बंद करून, अर्ध्या वेगाने बघणं चालू आहे. ज्यांना बरोबर यायचं आहे त्यांनी येत्या रविवारी सकाळी साडेसहाला खाणीच्या कडेला या. दुर्बीण आणा, पण पहिला अर्धा तास ती पिशवीतच राहील.