शुगर वाढायची सवय होती, पडायची नव्हती

वजन आणि शुगरसाठीचं गॅस्ट्रिक बायपास (हृदयाचं नव्हे, जठराचं ऑपरेशन) होऊन दीड वर्ष झालं होतं आणि ग्लुकोमीटर कपाटात कुठेतरी पडला होता. आधी त्यावर २४०, २६० बघायची सवय. ऑपरेशननंतर वजन धड उतरायच्या आधीच, पहिल्याच आठवड्यात शुगर खाली आली, म्हटलं सुटले एकदाची.

मग एका सकाळी घाईत नुसता ग्लासभर ज्यूस प्यायले आणि कामाला बसले. दोन तासांनी हात थरथरायला लागले, दरदरून घाम, स्क्रीनवरची ओळ तीनदा वाचली तरी डोक्यात शिरेना. मीटर शोधून काढला तर ५२. मशीन बिघडलंय म्हणून परत बघितलं, ५१! घाबरून अर्धा पुडा बिस्किटं खाल्ली, बरं वाटलं, आणि दीड तासाने परत तेच.

डॉक्टर म्हणाले हे लेट डंपिंग, म्हणजे खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी शुगर एकदम पडणं. जेवल्यावर अर्ध्या तासात पोटात कळ, धडधड, जुलाब होतात ते अर्ली डंपिंग, त्याबद्दल सगळे बजावतात, मला ते कधी झालंच नाही म्हणून मी निर्धास्त. पण बायपासनंतर जठराची झडप वाटेत येतच नाही ना, गोड पातळ काही घेतलं की थेट लहान आतड्यात. शुगर एकदम चढते, आतड्यातून जीएलपी-१ (इन्सुलिन वाढवणारं हार्मोन) भरमसाट सुटतं, स्वादुपिंड घाबरून गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतं, आणि साखर संपली तरी इन्सुलिन शिल्लक. बिस्किटांनी मी तेच चक्र परत फिरवलं होतं. आता शुगर पडली की १५ ग्रॅम ग्लुकोज, सावरलं की लगेच थोडं प्रोटीन. (कुणाची इन्सुलिन किंवा गोळ्या अजून चालू असतील तर डोस आधी डॉक्टरांना विचारा, ते प्रकरणच वेगळं.)

यावर मी केलं काय, तर कार्ब्स पूर्ण बंद. तीन आठवडे चिडचिड, बद्धकोष्ठता, जिना चढताना पायात गोळे. डायटिशियनने झापलं. "लो कार्ब" हा शब्दच मला आता पटत नाही, कारण किती खाल्लं याच्याइतकंच कसं आणि कशाच्या मागून खाल्लं याने फरक पडतो. आधी प्रोटीन, दिवसाला किमान ६० ग्रॅम, मग भाजी, मग जागा उरली तर कार्ब्स, आणि पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने.

काल दोन अंडी खाऊन मग अर्धं सफरचंद सालासकट, चावून चावून. दोन तासांनी मीटरवर ९४.