तुम्ही विचारलंत म्हणून: बारा तारखेचा फोन

प्रवेशाच्या दिवसात हा प्रश्न मला रोज एकदा तरी येतो. खोलीची किल्ली हातात पडलेली असते, सामान वर गेलेलं असतं, मुलगा किंवा मुलगी खोली बघायला पळालेली असते. मग आई नाहीतर वडील आवाज खाली आणून विचारतात, "मॅडम, खरं सांगा, याला काय शिकवून पाठवायला हवं होतं?"

वसतिगृहाची रेक्टर म्हणून माझी २२ वर्षं झाली. सुरुवातीची बरीच वर्षं मी या प्रश्नाला यादीच ऐकवायचे. चार पदार्थ करता यावेत, कपडे धुता यावेत, बटण लावता यावं, वेळेवर उठता यावं. हल्ली मी उलटाच प्रश्न विचारते, "त्याचे पैसे कधी पूर्ण संपलेत का? संपले आणि पुढचे दहा दिवस मिळाले नाहीत, असं कधी झालंय?"

यावर माणसं जरा दुखावतात. "छे हो, आम्ही त्याला कधी काही कमी पडू दिलं नाही."

गोम तिथेच आहे.

पहिल्या महिन्याचे पैसे साधारण बारा तारखेला संपतात. एक तारखेला खात्यात एवढी मोठी रक्कम मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेली असते. पहिले पाच दिवस खोलीतला प्रत्येक जण दानशूर कर्ण असतो. सहाव्या-सातव्या दिवशी कुणीतरी खात्यात डोकावतं आणि पुन्हा न डोकावण्याचा निर्णय घेतं. बारा तारखेला घरी फोन जातो, आणि त्यानंतर घरून मला. ही मुलं उधळी असतात असं नाही, त्यातली निम्मी तर चांगली काटकसरी असतात. पण घरी पैसा मागितला की मिळत आलेला असतो, एकेका वस्तूपुरता. त्यामुळे वस्तूची किंमत त्यांना नेमकी ठाऊक असते. हातातली रक्कम किती दिवस पुरवायची आहे, हे गणित कधी समोर आलेलंच नसतं. साबण, वीज, डोकेदुखीची गोळी, फाटलेल्या बॅगेची चेन, हे सगळं घरात जणू आपोआप उगवत असतं.

एक मुलगी आठवते. तिने येतानाच महिन्याचा हिशेब मांडून आणला होता. तीन रंगांची पेनं, पट्टीने आखलेले रकाने, बेरीज शेवटच्या पैशापर्यंत बरोबर. मला दाखवायला आली तेव्हा मी कौतुकच केलं. पंधरा तारखेला तीच मुलगी माझ्या दारात, चष्म्याची एक काडी हातात घेऊन. तिच्या वहीत दर महिन्याला येणारा प्रत्येक खर्च होता. वर्षातून एकदाच येणारा एकही नव्हता. आणि असे 'एकदाच' येणारे खर्च वर्षात बारा-पंधरा तरी असतात: चष्मा, परीक्षेचं शुल्क, घरी जायचं तिकीट, कुणाचं लग्न, फोन पडून फुटणं. म्हणजे जवळजवळ दर महिन्याला एक. पण प्रत्येक वेळी माणूस म्हणतो, "हा महिना जरा वेगळा होता."

माझ्या टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी आहे. तिच्यावर तीन आकडे आहेत: ३३.९, ४८.६ आणि ५५.५. रॉजर ब्युलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रबंध पूर्ण करायला किती दिवस लागतील, असं त्यांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं. सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. सगळंच बिनसलं तर? तर ४८.६. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५.५ दिवस. म्हणजे बिनसण्याचा अंदाजसुद्धा कमीच पडला. हे वेळेबद्दलचं असलं तरी पैशाचा अंदाज बांधतानाही आपलं डोकं हीच वाट धरतं असं मला रोज दिसतं. म्हणून आईवडिलांना मी सांगते, अंदाज बांधू नका. गेल्या वर्षी या मुलावर खरोखर काय खर्च झाला ते खात्यातून काढा, त्याला शेजारी बसवून काढा, आणि बाराने भागा. येणारा आकडा बघून दोघेही थोडा वेळ गप्प बसता. बसा.

आता जरा घरचं सांगते, नाहीतर हे सगळं फार शहाणपणाचं वाटेल. माझा स्वतःचा मुलगा शिकायला बाहेर पडला तेव्हा मी त्याला वही दिली, रकाने शिकवले, बचतीवर व्याख्यानही दिलं. दर आठवड्याला फोनवर तो सांगायचा, "व्यवस्थित आहे." जवळजवळ वर्षभराने कळलं की दुसऱ्याच महिन्यात त्याने क्रेडिट कार्डावर उधारी केली होती आणि दर महिन्याला 'किमान रक्कम' तेवढी भरत होता. किमान या शब्दाने भल्याभल्यांना फसवलंय. तेवढं भरलं की काम झालं, असं वाटतं. व्याज महिना ३ टक्के, किमान भरणा थकबाकीच्या ५ टक्के, आणि नवी खरेदी शून्य, असं धरा. शंभराच्या कर्जावर बारा महिन्यांत तुम्ही पंचावन्न भरता आणि कर्ज उतरतं तेवीस. उरलेले बत्तीस व्याजात गेले. हे गणित मी त्याच्यासमोर कागदावर मांडलं तेव्हा तो म्हणाला, "मला माहीत होतं गं."

"मग सांगितलं का नाहीस? मी काय ओरडले असते?"

"ओरडली असतीस तर चाललं असतं. तू समजावून सांगितलं असतंस."

हे वाक्य मी बरेच दिवस चघळत होते. आमच्या घरात पैशाची चूक म्हणजे स्वभावाचा दोष, अशी हवा होती आणि ती मीच पसरवली होती. हिशेब चुकला एवढं सांगायलाही पोराला धीर गोळा करावा लागत होता.

धाकटीच्या वेळी म्हणून वेगळं केलं. ती पंधरा वर्षांची झाल्यावर तिचे कपडे, चपला-बूट, फोनचा खर्च आणि मैत्रिणींबरोबरचं बाहेर जाणं, या चार गोष्टींचे तीन महिन्यांचे पैसे एकदम तिच्या हातात दिले. शाळा, औषधपाणी, जेवण यांना हात लावायचा नाही, ते आमचं. तारीख ठरलेली. मधे पैसे मागायचे नाहीत असं नाही, पण मागितले तर ते पुढच्या हप्त्यातून कापले जाणार. हिशेब दाखवायची सक्ती नाही.

पाच आठवड्यांत सगळे संपले. उरलेले दोन महिने तिच्या उजव्या बुटाचा तळ पुढून उघडलेला होता आणि चालताना टाळी वाजल्यासारखा आवाज यायचा. मी रोज सकाळी तो आवाज जिन्यावरून खाली जाताना ऐकत होते. सांगते, गप्प बसणं हेच त्यात सगळ्यांत अवघड काम. नवऱ्याला ते जमलं नाही, त्याने एकदा गुपचूप पैसे दिले. तिने ते बुटावर न घालवता वाढदिवसाच्या भेटीवर घालवले, त्यामुळे टाळी चालूच राहिली. दुसऱ्या हप्त्यात तिने आधी बूट घेतले. तिसऱ्यात थोडे उरले. चौथ्यात पुन्हा संपले, कारण माणूस असाच शिकतो.

त्या काळात मी माझ्या जिभेला एकच वळण लावलं. "कशावर घालवलेस?" हे विचारायचं नाही. "किती उरले, आणि किती दिवस पुरवायचेत?" एवढंच. पहिल्या प्रश्नावर पोरं बचाव करतात, दुसऱ्यावर भागाकार.

स्वयंपाक आणि धुण्याबद्दल मला फारसं सांगायचं नाही. भूक लागली की माणूस शिकतो आणि एक पांढरा सदरा गुलाबी झाला की कपडे वेगळे करायला लागतो. दोन गोष्टी मात्र घरीच बजावा, कारण त्या ठेच लागून शिकायच्या नाहीत. शिजवलेलं अन्न दोन तासांत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात आणि वास येईलच असं नाही. दुसरी गोष्ट, ताप आल्यावर पॅरासिटामॉल आणि सर्दीची गोळी दोन्ही घेताना सर्दीच्या गोळीत काय आहे ते वाचायचं. तिच्यातही पुष्कळदा पॅरासिटामॉलच असतं, आणि मोठ्या माणसाने चोवीस तासांत मिळून ४ ग्रॅमच्या वर जायचं नसतं. यकृतावर बेततं. भाड्याची खोली घेतली असेल तर आणखी एक: सामान लावायच्या आधी भिंतींचे, नळाचे, खिडकीच्या काचेचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवून ठेवायचे. अनामत परत घेताना ते फोटो तुमच्या बाजूने बोलतात.

यापेक्षा मला काळजी वाटते ती न बोलणाऱ्या मुलांची. दवाखान्यात "काय होतंय?" असं विचारल्यावर अठरा वर्षांचा मुलगा वळून आईकडे बघतो. बँकेच्या खिडकीशी वडील बोलतात, मुलगा मागे फोन बघत उभा. शेवटचं वर्षभर तरी ही कामं त्याला करू द्या, चुकीचा अर्ज भरून परत यावं लागलं तरी. आणि एक वाक्य त्याच्याकडून चक्क मोठ्याने म्हणवून घ्या: "या महिन्यात मला जमणार नाही, तुम्ही जा." हसू नका. खोलीतले चौघे बाहेर निघालेले असताना हे वाक्य तोंडातून निघत नाही म्हणून किती मुलांचे महिने बुडतात ते मी पाहिलंय. उसने पैसे मागायला आलेल्या मित्रासाठीही याच वाक्याचा धाकटा भाऊ तयार लागतो.

धाकटी आता दूर शिकते. गेल्या महिन्यात एकोणीस तारखेला रात्री तिचा फोन आला.

"आई, पैसे संपत आलेत. मागत नाहीये, नुसतं सांगतेय."

"किती उरलेत, आणि किती दिवस?"

तिने सांगितलं. मग पुढच्या अकरा दिवसांत काय काय करणार नाही तेही सांगितलं, आणि खोलीतल्या एकीचा कसला तरी किस्सा सांगून पंधरा मिनिटं हसली. फोन ठेवला तेव्हा नवरा पलंगाच्या त्या कडेला आपला मोबाईल उघडून बसला होता, चष्मा कपाळावर, बँकेचं पान पडद्यावर.

मी तो मोबाईल हातातून काढून घेतला आणि माझ्या उशाखाली ठेवून दिवा मालवला.