आमची वाटचाल: लेथपासून दगड कापणाऱ्या करवतीच्या शाफ्टपर्यंत

वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला आणि तेव्हाच्या औरंगाबादेत सुटे भाग करून देणाऱ्या छोट्या वर्कशॉपना बरे दिवस आले. त्याच सुमारास आमच्या वडिलांनी चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एक भाड्याचे शेड घेऊन जुन्या लेथवर बुश, पिना आणि पुली करायला सुरुवात केली. त्या काळाबद्दल विशेष सांगण्यासारखे काही नाही. काम मिळत होते, बिले उशिरा निघत होती आणि घर चालत होते.

दगडाशी आमचा संबंध आला तो वेरूळच्या एका व्यापाऱ्यामुळे. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांमध्ये अकीक, गारगोटी, स्टिलबाइट, अपोफिलाइट अशी खनिजे सापडतात आणि वेरूळला, तसेच अजिंठ्याच्या पायथ्याशी, पोकळ गोटे मधोमध कापून विकले जातात. हा व्यवसाय इथे नवा नाही. पैठणचा अकीक भडोचच्या बंदरात जात असल्याची नोंद इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात आहे आणि धाराशिव जिल्ह्यातील तेरच्या संग्रहालयात त्या काळचे मणी आजही पाहता येतात. या व्यापाऱ्याकडे ३५० मिलिमीटरच्या हिऱ्याच्या ब्लेडची करवत होती. तिचे बेअरिंग वारंवार जात होते, दर वेळी कोणी तरी नवे ठोकून बसवत होते आणि काही आठवड्यांत पुन्हा घरघर सुरू होत होती. त्याला आमच्याकडून तेवढेच हवे होते. वडिलांनी मात्र जुने बेअरिंग आडवे कापून पाहिल्याशिवाय नवे बसवायला नकार दिला, आणि आमच्या आजच्या कामाची पद्धत तिथूनच ठरली.

कापलेले बेअरिंग बरेच काही सांगते. आतल्या रिंगच्या खोबणीत गोळ्यांच्या अंतराने खड्डे असतील, तर ते बसवताना बाहेरच्या रिंगवर हातोडी मारून गोळ्यांमधून जोर दिलेला असतो. बाहेरची रिंग चकचकीत घासलेली असेल, तर ती घरात, म्हणजे बेअरिंग धरणाऱ्या कोशात, फिरत असते. सगळी खोबणी मळकट आणि ओरखडलेली असेल, तर आत दगडाचा गाळ शिरलेला असतो. अकीक आणि गारगोटी ही बेअरिंगच्या कठीण केलेल्या पोलादापेक्षाही कठीण असतात. त्यामुळे गाळाची एक चिमूट आत गेली तरी पुढचे सांगायला नको.

गाळ आत का जातो, याचे उत्तर मराठवाड्यात बऱ्याचदा उन्हाळ्यात मिळते. करवतीवर सतत पाणी सोडावे लागते, ते ब्लेड थंड ठेवते आणि फुफ्फुसांना घातक असलेली सिलिकाची धूळ दाबते. म्हणून कोरडे कापण्याचा सल्ला आम्ही कोणालाही देत नाही. पण टँकरचे पाणी विकत घेणारा माणूस टाकीतले पाणी बदलायला कचरतो, तेच पाणी पंपाने फिरत राहते, दिवसेंदिवस दाट होते आणि ब्लेडवरून उडणारे थेंब शाफ्टच्या दिशेने जातात. त्यातून बोअरचे जड पाणी असले, तर बेअरिंगचे तोंड बंद करणाऱ्या रबरी सीलच्या ओठांवर क्षार साचतो. म्हणून आम्ही टाकीचे दोन कप्पे करायला सांगतो, पहिल्यात गाळ बसतो आणि पंप दुसऱ्या कप्प्यातून, तळापासून वर, पाणी ओढतो. मशीन विकणाऱ्याला ही टाकीची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण बेअरिंगसाठी तिच्याइतका स्वस्त उपाय मला दुसरा माहीत नाही.

दुसरे कारण पट्ट्याचे. पट्टा घसरतो म्हणून कारागीर तो ताणतो, आणि ताणतच राहतो. बॉल बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजे भार दुप्पट झाला की आयुष्य आठव्या हिश्शावर येते. पुलीकडचे बेअरिंग आधी गेले असेल, तर मी प्रथम पट्टाच पाहतो, आणि पट्टा घसरण्याचे खरे कारण झिजलेल्या पुलीत असते का, तेही.

जुन्या करवतींवर बहुधा यूसीपी २०५ पद्धतीचे पेडेस्टल, म्हणजे पायासकट मिळणारे तयार बेअरिंग, असते. त्याची आतली रिंग शाफ्टवर दोन ग्रब स्क्रूंनी (बिनडोक्याच्या स्क्रूंनी) पकडलेली असते आणि स्क्रूच्या टोकांनी शाफ्टवर उठलेली धातूची कड फाइलने घासल्याशिवाय बेअरिंग निघत नाही. जोराने ओढले तर शाफ्ट ओरखडतो. काढताना पुलर लावावा. नंतर शाफ्ट मायक्रोमीटरने मोजावा लागतो, कारण बेअरिंग बसते ती २५ मिलिमीटरची बैठक २४.९५ भरत असेल, तर त्यावर बसवलेले कोणतेही नवे बेअरिंग फार दिवस टिकणार नाही. अशा शाफ्टवर हार्ड क्रोम चढवून तो शेजारच्या ग्राइंडिंगवाल्यांकडून घासून घेतो, किंवा ईएन-८ पोलादाचा नवाच करतो.

पेडेस्टलबद्दल माझे मत व्यवसायातल्या अनेकांना पटत नाही. शेतीच्या यंत्राला, कन्व्हेयरला ते उत्तम आहे, कारण ज्यावर ते बसते तो पाट थोडा वाकडा असला तरी ते सांभाळून घेते. पण त्याची रिंग शाफ्टवर सैल असते आणि ग्रब स्क्रू तिला एका बाजूला ढकलतात, त्यामुळे शाफ्ट जरासा केंद्राबाहेर फिरतो. पातळ ब्लेडला हे चालत नाही. ब्लेडला धरणाऱ्या ७५ मिलिमीटरच्या चकतीच्या, म्हणजे फ्लँजच्या, कडेला ०.०२ मिलिमीटर डुगडुग असेल, तर ३५० मिलिमीटरच्या ब्लेडच्या कडेला ती जवळजवळ ०.०९ होते, काप रुंद पडतो, हिरा लवकर झिजतो आणि स्लॅबवर उठलेल्या रेघा पॉलिशवाल्याला घासत बसावे लागतात.

या विचारातून आम्ही दुरुस्तीबरोबर स्वतःचे स्पिंडल, म्हणजे शाफ्ट, बेअरिंग आणि त्यांचे घर असा पूर्ण जोड, करू लागलो. एका जाड नळीच्या घरात ६२०५ क्रमांकाची, २५ बाय ५२ बाय १५ मिलिमीटरची, दोन्ही बाजूंनी रबर सील असलेली दोन बेअरिंग बसतात. शाफ्टची बैठक २५ पेक्षा दोन ते अकरा मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) मोठी ठेवतो. ब्लेडकडचे बेअरिंग घरात पक्के धरलेले असते आणि पुलीकडचे आडवे सरकू शकते, म्हणजे शाफ्ट तापून लांबला तरी दोन्ही एकमेकांवर ताण देत नाहीत. बेअरिंग बसवताना आतल्या रिंगवर नळी टेकवून प्रेसने दाबतो. सील असलेली बेअरिंग तेलात टाकून तापवू नयेत, कारण त्यांच्या आतले ग्रीस वाया जाते, आणि ८० अंशांच्या वर तर मुळीच नेऊ नयेत. ब्लेडच्या बाजूला शाफ्टबरोबर फिरणारी एक रबरी चकती आणि तिच्या पुढे चक्रव्यूहासारखे वळणाचे झाकण असते. गाळ त्यातच अडकून खाली ठिबकतो. शेवटी फ्लँज शाफ्टवर बसवल्यावर त्याचे तोंड जागेवरच लेथवर घेतो आणि डायल गेज लावून डुगडुग पाहतो.

सुरुवातीला आमची किंमत ऐकून लोक परत जात, कारण बाजारात पेडेस्टलचा जोड फारच स्वस्त मिळतो. वेरूळचा तो व्यापारी मात्र आपली जुनी स्पिंडल उघडून इतरांना दाखवत असे, आणि आमची बहुतेक गिऱ्हाइके त्याच्या दुकानातूनच आली. वडील आता रोज येत नाहीत. लेथ धाकट्या भावाकडे आहे आणि मोजमाप माझ्याकडे. सुटे बेअरिंग कुरिअरने पाठवा म्हणून अजूनही फोन येतात. आम्ही शाफ्ट, फ्लँज आणि जुने बेअरिंग पाठवायला सांगतो, आणि ते पाहिल्यावरच भाव देतो.

सध्या ४५० मिलिमीटरच्या ब्लेडसाठी ६२०६ क्रमांकाच्या बेअरिंगवर मोठे स्पिंडल चालू आहे. त्याच्या नळीच्या दोन्ही बैठका एकाच सेटिंगमध्ये बोअर करायच्या आहेत आणि तेवढ्या लांबीचा बोअरिंग बार थरथरतो, म्हणून बाराला मधे आधार देण्याची जोडणी भाऊ करत आहे. ती झाल्याशिवाय ऑर्डर घेणार नाही, असे फोन करणाऱ्यांना कळवले आहे.