उलटा हात

दुपारी लेकीची चित्रकलेची वही चाळत होते. प्रत्येक पानाचा उजवा कोपरा खालून फुगलेला, भिजून वाळल्यासारखा. पाणी सांडलंन वाटतं, असं म्हणून ओरडणारच होते, तेवढ्यात जागा ओळखीची वाटली. रंगवताना हात टेकतो, नेमकी तीच.

म्हणजे वारसा पोचला.

परीक्षेत माझ्या हाताखाली कायम घडी घातलेला रुमाल. शाईचं पेन सक्तीचं होतं. एकदा शेवटच्या पाच मिनिटांत रुमाल खाली पडला आणि इतिहासाच्या पेपरातलं एक अख्खं युद्ध निळ्या डबक्यात बुडालं. हात धरून रिंगण करायचे खेळ आले की मी आपणहून पंच व्हायचे. शेजारणीने हात सोडवून हळूच फ्रॉकला पुसलेला एकदा पाहिला होता, तेवढं पुरलं.

'घाबरू नकोस, म्हणजे घाम येणार नाही' असं सांगणाऱ्यांवर माझा जुना राग आहे. माझे हात आधी ओले होतात, मग मी घाबरते.

हायपरहायड्रोसिस हे भारदस्त नाव फार उशिरा कळलं. अंगभर वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी, त्यांची सगळ्यात दाटी तळहात-तळपायांवर, आणि तिथला घाम उकाड्यापेक्षा मनाचं जास्त ऐकतो. ग्रंथी बिचाऱ्या धडधाकट. त्यांना हुकूम सोडणाऱ्या नसाच उतावळ्या. डॉक्टरांनी विचारलं, झोपेत येतो का? नाही म्हटल्यावर ते निवांत झाले. झोपेत अंग भिजत असेल किंवा मोठेपणी अचानक सुरू झालं असेल, तर थायरॉइड, साखर, चालू गोळ्या, सगळंच तपासावं लागतं म्हणे.

मग ॲल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण आलं. रात्री लावायचं, तेही हात खडखडीत कोरडे करून. ओल्या हाताला लावलं की आग होते, हे शिकायला मला एकच रात्र लागली. पुढे पाण्याच्या ट्रेमध्ये हात बुडवून सौम्य वीज सोडायचं यंत्र. गुण आला, पण ते करत राहावं लागतं, आणि मी कंटाळले. बोटॉक्सच्या सुया तळहातात टोचून घ्यायची हिंमत झाली नाही. नस कापायच्या ऑपरेशननंतर हात कोरडे होतात, पण बऱ्याच जणांच्या पाठीला, पोटाला घाम फुटू लागतो. म्हटलं, त्यापेक्षा हात बरे. पुसता तरी येतात.

बाबा आमच्या गालांवरून नेहमी उलटा हात फिरवायचे. मला ती त्यांची लकब वाटायची.

वही मिटली. शेजारी लेक गाढ झोपली होती, मूठ अर्धी उघडी. बोट लावून पाहिलं. ठणठणीत कोरडी. गालावरून हात फिरवावासा वाटला. फिरवला. उलटा.