मागचा टायर

“काका, चषकाच्या ऐवजी मागचा टायर मिळेल का?” तालुक्याच्या सायकल शर्यतीची बक्षिसे ठरवायला आज आम्ही बसलो होतो, तेव्हा नावनोंदणीसाठी आलेल्या एका मुलाने दारातूनच हे विचारले.

नेमका मागचाच, कारण चालवणाऱ्याचे बरेचसे वजन आणि पायडलचा सारा जोर त्याच चाकावर येतो, त्यामुळे तो पुढच्यापेक्षा लवकर झिजतो. समितीत हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. चर्चा मात्र चषकाच्या उंचीवरच अडली होती. (फोटोत चषक उठून दिसावा, हे देणगीदारांचे म्हणणे मला समजते, पटत नाही.)

वस्तू द्यायची तर अडचणी आहेतच. २६ इंची टायर रेसिंग सायकलच्या ७०० मापाच्या चाकाला बसत नाही, आणि हेल्मेट डोक्याच्या मापाचेच लागते. म्हणून विजेत्याला सायकलच्या दुकानातून हवे ते घेता येईल अशी चिठ्ठी द्यावी, असे मी सुचवले. शिवाय मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटाच्या चढणीसाठी ‘घाटाचा राजा’ हा वेगळा मान असतो, तसे एक बक्षीस आमच्या वाटेतल्या चढालाही असावे. शेवटच्या धावेत मागे पडणारी, पण चढावर तगणारी मुले आपल्याकडे पुष्कळ आहेत.

सगळी रक्कम पहिल्या तिघांत संपवावी, की दहाव्या क्रमांकापर्यंत निदान ट्यूब आणि पंक्चरचे साहित्य पोहोचवावे, यावर एकमत झालेले नाही. तुम्ही काय केले असते?