चहासकट सही

"आधी वाच की बाबा, कशावर सही करू?" शेजारच्या आक्कांनी शिपायाला दारातच अडवलं.

ग्रामसभेचं रजिस्टर घरोघर फिरत होतं. सभा झालीच नव्हती. वरची जागा कोरी, खाली सह्यांची रांग. ठराव नंतर लिहिणार म्हणे! उद्या त्या कोऱ्या जागेत ओढ्याकाठची झाडं तोडायला मंजुरी आली तर?

कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा, त्याआधी महिलांची सभा वेगळी. आणि आमचा हा सातारा! १९४३ साली इंग्रजांच्या नाकावर टिच्चून इथल्या गावांनी प्रतिसरकार चालवलं, न्यायनिवाडे चारचौघांत केले.

"सभा घ्या, येते मी," आक्का म्हणाल्या. शिपाई बिचारा हुकमाचा ताबेदार, गेला पुढच्या दारात. तिथे मिळाली सही, चहासकट.

तुमच्या गावात शेवटची ग्रामसभा खरोखर कधी भरली होती?