लॅपटॉपवरचं डेटा सेंटर

आज फोंड्यात दिवसभर पाऊस. शेजारच्या दोघी इंजिनिअरिंगच्या मुली प्रोजेक्टसाठी घरी आल्या होत्या. क्लाऊडवर प्रयोग करायचाय, पण भाड्याच्या सर्व्हरला पैसे कुठून आणायचे, ही त्यांची अडचण.

मी त्यांना क्लाऊडसिम दाखवलं, म्हणजे क्लाऊडची लॅपटॉपवरच नक्कल करणारं सॉफ्टवेअर. मेलबर्न विद्यापीठात राजकुमार बुय्या यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं, जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं, मोफत. यात खरा सर्व्हर एकही लागत नाही. डेटा सेंटर, होस्ट (त्यातले सर्व्हर), व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभं केलेलं आभासी मशीन), सगळे जावाचे ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्रॅममधल्या नुसत्या वस्तू. यातलं नकली घड्याळ एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर जातं, म्हणून तासांचं काम क्षणात उरकतं.

मग असं एक व्हर्च्युअल मशीन घेतलं, एक कोर, वेग १००० एमआयपीएस, म्हणजे सेकंदाला १००० दशलक्ष सूचना. त्यावर प्रत्येकी ४०,००० दशलक्ष सूचनांची दोन कामं टाकली. एकामागून एक चालवली तर पहिलं ४० व्या सेकंदाला संपतं, दुसरं ८० व्या. दोघांना वेळ वाटून दिला तर दोन्ही ८० व्या सेकंदालाच! एकूण काम तेवढंच, पण पहिल्या कामाच्या गिऱ्हाइकाची वाट पाहणं दुप्पट झालं. हे आकडे पडद्यावर आले तेव्हा धाकटी खुर्चीतून उठलीच. शेड्युलिंग, म्हणजे कुठलं काम कधी चालवायचं ते ठरवणं, इतकं स्पष्ट मला कुठल्या व्याख्यानात समजलं नव्हतं.

अर्थात मॉडेल जेवढं खरं, तेवढंच उत्तर खरं. शेवटी खऱ्या मशीनवर तपासावंच लागतं, हेही त्यांना बजावलं. पण सुरुवात इथूनच व्हावी असं मला मनापासून वाटतं. गोव्यात कुणी यावर काम करत असेल तर जरूर कळवा, या मुलींना बोलायला कुणीतरी हवंय.